गहाण पडलेले सुपरहिरो

थॅनॉसशी दोन हात करण्याआधी मार्व्हलचे हिरो एका बँकेकडे तारण होते. त्याहीआधी त्यांची कंपनी दिवाळखोरीच्या कोर्टात उभी होती. पडद्यावरच्या मारामारीपेक्षा कागदावरची ही मारामारी कितीतरी जास्त चालली.

‘अव्हेंजर्स : एज ऑफ अल्ट्रॉन’ बघताना कट्टर फॅन मंडळींना एक गोष्ट खटकली असणार. वांडा आणि तिचा भाऊ पिएट्रो हे कॉमिक्समध्ये वर्षानुवर्षं ‘म्युटंट’ होते. २०१५च्या या सिनेमात मात्र त्यांना कुणी चुकूनही म्युटंट म्हणत नाही. त्यांच्यावर प्रयोग झाले, त्यातून शक्ती आली, असं सांगून विषय मिटवून टाकलाय. गंमत म्हणजे आदल्याच वर्षी आलेल्या ‘एक्स-मेन : डेज ऑफ फ्यूचर पास्ट’मध्ये हाच पिएट्रो, म्हणजे क्विकसिल्व्हर, दुसऱ्याच नटाने दुसऱ्याच स्टुडिओसाठी साकारला होता.

यावर फॅन थिअरी ढिगाने सापडतील. खरं उत्तर मात्र अगदीच रुक्ष आहे. म्युटंट मंडळींना सिनेमात आणायचे हक्क तेव्हा फॉक्सकडे होते. क्विकसिल्व्हर एक्स-मेनच्या गोतावळ्यातला आणि अव्हेंजर्समध्येही राहिलेला, त्यामुळे दोन्ही घरं त्याच्यावर दावा सांगत होती. फॉक्सने त्याला अव्हेंजर म्हणायचं नाही, मार्व्हलने म्युटंट म्हणायचं नाही. भाऊबंदकीच्या वाटणीत विहीर एकाकडे आणि वाट दुसऱ्याच्या शेतातून, तसाच मामला!

पण मार्व्हलची स्वतःची पात्रं दुसऱ्याच्या घरी गेलीच कशी? त्यासाठी बरंच मागे जावं लागतं, आणि सुरुवात मार्व्हलपासून होत नाही.

१३० डॉलरचा सुपरमॅन

१९३८ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन मित्रांनी सुपरमॅनचे सगळे हक्क १३० डॉलरला विकले. एक लिहायचा, दुसरा चित्रं काढायचा. दोघंही तेव्हा २३ वर्षांचे, म्हणजे आपल्यापैकी अनेकांच्या जवळपासच्या वयाचे. कित्येक वर्षं त्यांचं हे पात्र कुणी छापायला तयार नव्हतं. शेवटी एक प्रकाशक हो म्हणाला, त्याने पुढे केलेल्या कागदावर दोघांनी सही केली. पैसे ज्या चेकने मिळाले त्यात इतर कामाचे धरून ४१२ डॉलर होते, आणि दोघांचीही नावं चुकीची लिहिलेली होती. तोच चेक २०१२मध्ये लिलावात १ लाख ६० हजार डॉलरला गेला.

सुपरमॅन पुढे रेडिओवर गेला, कार्टूनमध्ये गेला, टीव्हीवर गेला. ७०च्या दशकात त्याच्यावर भव्य सिनेमा काढायचं ठरलं तेव्हा डीसी कॉमिक्स वॉर्नरच्या मालकीची झाली होती. सुपरमॅनच्या वडिलांच्या छोट्याशा भूमिकेसाठी मार्लन ब्रँडोला ३७ लाख डॉलर आणि वर कमाईतला वाटा द्यायचं कबूल झालं. त्याच सुमारास जेरी सीगल क्लार्क-टायपिस्टची नोकरी करत होते आणि शुस्टर यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती.

१९७५मध्ये सीगल यांनी वर्तमानपत्रांना एक लांबलचक, संतापलेलं पत्र पाठवलं. नील ॲडम्स, जेरी रॉबिन्सन यांच्यासारखे नावाजलेले चित्रकार त्यांच्या बाजूने उभे राहिले, बोंबाबोंब झाली. मग वॉर्नरने दोघांनाही वर्षाला प्रत्येकी २० हजार डॉलर द्यायचं मान्य केलं, आणि सुपरमॅन जिथे येईल तिथे निर्माते म्हणून त्यांचं नाव झळकू लागलं. कोर्टात ते आधीच हरले होते, त्यामुळे कायद्याने कंपनी त्यांचं काही देणं लागत नव्हती. पण एवढा मोठा सिनेमा येऊ घातलेला असताना अशी बदनामी कुणाला परवडणार?

१९७८चा ‘सुपरमॅन’ साधारण साडेपाच कोटी डॉलरमध्ये बनला आणि जगभरात ३० कोटींच्या घरात कमावून गेला. १९८९मध्ये टिम बर्टनचा ‘बॅटमॅन’ आला. त्यात जोकर झालेल्या जॅक निकल्सनने हुशारी केली. ठरलेल्या मानधनावर न थांबता त्याने तिकीटबारीत आणि टी-शर्ट, मग, खेळणी यांच्या विक्रीतही हिस्सा मागून घेतला. त्याला त्यातून ५ कोटी डॉलरच्या वर मिळाले असं सांगतात. स्टुडिओंनी यातून घेतलेला धडा वेगळाच होता. त्यांच्या लक्षात आलं की सिनेमा ही खेळण्यांची दोन तासांची जाहिरातसुद्धा असू शकते. १९९७च्या ‘बॅटमॅन अँड रॉबिन’पर्यंत हे इतकं वाढलं की आधी खेळणी आणि मग सीन, अशी तऱ्हा झाली. तो सिनेमा बघितला असेल तर वेगळं सांगायला नको.

दिवाळखोर मार्व्हल

इकडे मार्व्हलकडे स्पायडर-मॅन होता, हल्क होता, एक्स-मेन होते, पण सिनेमा काढायला पैसा नव्हता आणि अनुभवही नव्हता. मालक मात्र बदलत होते. १९८९मध्ये उद्योगपती रॉन पेरेलमन यांनी मार्व्हल ८ कोटी २५ लाख डॉलरला विकत घेतली. त्यांना कॉमिक्समध्ये किती रस होता माहीत नाही, शेअर बाजारात नक्कीच होता. १९९१मध्ये त्यांनी कंपनी बाजारात उतरवली.

तो काळ कॉमिक्सच्या सट्टेबाजीचा होता. जुनी कॉमिक्स लाखोंना विकली जातात हे वाचून लोक नवी कॉमिक्स गुंतवणूक म्हणून घेऊ लागले. एकाच अंकाची पाच वेगवेगळी मुखपृष्ठं काढायची, चकचकीत छपाई करायची, म्हणजे एकच माणूस पाच प्रती घेणार! १९९१च्या ‘एक्स-मेन’ पहिल्या अंकाच्या ८१ लाख प्रती खपल्या, तो विश्वविक्रमच आहे. यातली गोम शाळकरी पोरालाही कळेल. जुनं कॉमिक महाग असतं कारण बाकीच्या प्रती रद्दीत गेलेल्या असतात. ८१ लाख प्रती जपून ठेवलेल्या असतील तर त्या कोण विकत घेणार?

फुगा फुटला. कॉमिक्सची दुकानं धडाधड बंद पडली. पेरेलमन यांच्या काळात मार्व्हलने कर्ज काढून ट्रेडिंग कार्डांच्या कंपन्या घेतल्या होत्या, तोही धंदा बसला. १९९३मध्ये ३५ डॉलरच्या पुढे गेलेला मार्व्हलचा शेअर तीन वर्षांत अडीच डॉलरच्याही खाली आला. डिसेंबर १९९६मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. मग पेरेलमन विरुद्ध कार्ल आयकन या दोन धनाढ्यांची कोर्टात जुंपली. शेवटी दोघंही बाजूला पडले आणि कंपनी हाती लागली टॉय बिझ नावाच्या खेळण्यांच्या कंपनीच्या, म्हणजे आयझॅक पर्लमटर आणि अवी अराद या जोडीच्या. कोर्टातल्या वाटाघाटींत अराद यांचं म्हणणं होतं की एकटा स्पायडर-मॅनच १०० कोटी डॉलरचा आहे आणि तुम्ही सगळी मार्व्हल मातीमोल भावात विकायला निघालाय.

बोलणं खरं होतं, पण स्पायडर-मॅनच्या सिनेमाचे हक्क तेव्हा मार्व्हलच्या खिशात होते कुठे? १९८५मध्ये ते २ लाख २५ हजार डॉलर आणि काही टक्के हिश्श्यावर कॅनन या स्वस्तातले ॲक्शनपट काढणाऱ्या कंपनीला दिलेले. तिथून ते या हातातून त्या हातात फिरत राहिले. थिएटरचे हक्क एकाकडे, टीव्हीचे दुसऱ्याकडे, व्हिडिओ कॅसेटचे तिसऱ्याकडे. मधल्या काळात जेम्स कॅमेरूनसुद्धा स्पायडर-मॅन करणार होता. तो झाला नाही, खटले मात्र खंडीभर झाले, आणि त्यातल्या दोन कंपन्या मार्व्हलसारख्याच दिवाळखोरीत गेल्या. हे सगळं मिटायला १९९९ उजाडलं. शेवटची तडजोड तर भन्नाट आहे. एमजीएमने स्पायडर-मॅनवरचा दावा सोडला आणि बदल्यात सोनीने जेम्स बाँडवरचा!

पत्रकार बेन फ्रिट्झ यांच्या पुस्तकात एक किस्सा आहे. त्या वेळी पैशांची चणचण असलेल्या मार्व्हलने सोनीला सांगितलं होतं की अडीच कोटी डॉलर द्या, आमची शिल्लक असलेली जवळजवळ सगळी पात्रं घेऊन जा. सोनीला ती नको होती, फक्त स्पायडर-मॅन हवा होता. तो त्यांनी सुमारे १ कोटीत घेतला. म्हणजे आयुष्यभर ज्याची हळहळ वाटावी असा सौदा सोनीने हातचा घालवला. अर्थात आज हे म्हणणं सोपं आहे. १९९८मध्ये कॅप्टन अमेरिकावर कुणी पैसे लावले असते?

सिनेमा काढा, नाहीतर हक्क परत करा

या करारांमध्ये एक पाचर असायची. ठरलेल्या मुदतीत सिनेमा सुरू केला नाही तर हक्क मूळ कंपनीकडे परत. त्यातून काय काय घडलं बघा. जर्मन निर्माते बर्न्ड आयकिंगर यांच्याकडे ‘फँटास्टिक फोर’चे हक्क होते आणि मुदत १९९२च्या अखेरीस संपत होती. एवढ्या मोठ्या सिनेमासाठी पैसा उभा राहीना. मग त्यांनी कमी खर्चातल्या सिनेमांचे बादशहा रॉजर कोरमन यांना गाठलं आणि मुदत संपायला चार दिवस असताना, २८ डिसेंबरला, शूटिंग सुरू केलं. बजेट साधारण १० लाख डॉलर. नटांनी जीव तोडून काम केलं, स्वतः फिरून प्रसिद्धीही केली. सिनेमा कधी प्रदर्शित झालाच नाही. अवी अराद यांनी पुढे सांगितलं की ब्रँडचं नाव खराब होऊ नये म्हणून तो त्यांनीच विकत घेऊन दाबून टाकला. चोरट्या कॉपी मात्र अजून फिरतात. आयकिंगर यांचे हक्क शाबूत राहिले आणि २००५मध्ये फॉक्सचा मोठ्या बजेटचा ‘फँटास्टिक फोर’ त्यांच्याच कंपनीच्या भागीदारीत आला. त्या बिचाऱ्या नटांना कुणी आधी सांगितलं होतं का, हा प्रश्न माझ्या डोक्यातून काही जात नाही.

आजही हे चालू आहे. २०१४मध्ये सोनीचे कॉम्प्युटर हॅक झाले आणि नंतर कंपनीची बरीच कागदपत्रं बाहेर आली. त्यातल्या स्पायडर-मॅनच्या करारानुसार सोनीला पावणेसहा वर्षांच्या आत पुढचा सिनेमा आणावाच लागतो. नव्याने सुरुवात करून पुन्हा तोच कोळी चावताना का दाखवतात, याचं उत्तर काही अंशी इथे आहे. ‘मॉर्बियस’ आणि ‘मॅडम वेब’चं उत्तर मात्र मला अजून सापडलेलं नाही.

तर २०००च्या आसपास मार्व्हलची पात्रं पडद्यावर धो धो चालू लागली आणि मार्व्हलच्या हाती फारसं काही लागेना. १९९८च्या ‘ब्लेड’ने जगभरात १३ कोटी डॉलर कमावले, मार्व्हलला त्यातले अवघे २५ हजार मिळाले असं सांगितलं जातं. २००२चा ‘स्पायडर-मॅन’ पहिल्याच वीकेंडला १० कोटी डॉलर पार करणारा पहिला सिनेमा ठरला. त्याने एकूण ८२ कोटी केले, आणि यातला मोठा घास अर्थातच सोनीचा.

दहा हिरो, एक बँक

इथे डेव्हिड मेझल या माणसाची एंट्री होते. मास कॉमच्या कुठल्याही पुस्तकात हे नाव सापडणार नाही, पण आपण ज्याला एमसीयू म्हणतो त्याचा पाया या माणसाच्या एक्सेल शीटमध्ये आहे. त्याचं म्हणणं साधं होतं. हक्क भाड्याने देणं बंद करा, सिनेमे आपणच काढूया. पैसा? पात्रं गहाण ठेवूया.

२००५मध्ये मेरिल लिंच या बँकेने मार्व्हलला ५२ कोटी ५० लाख डॉलरचं कर्ज मंजूर केलं. त्या वेळच्या दराने साधारण २३०० कोटी रुपये. तारण म्हणून १० पात्रांचे सिनेमाचे हक्क : कॅप्टन अमेरिका, अव्हेंजर्स, निक फ्युरी, ब्लॅक पँथर, अँट-मॅन, डॉक्टर स्ट्रेंज, हॉकआय, शांग-ची, क्लोक अँड डॅगर आणि पॉवर पॅक. सिनेमे पडले तर हे हक्क जाणार. बातमी आली तेव्हा अनेकांना तो वेडेपणा वाटला. मला तो फार थंड डोक्याने केलेला व्यवहार वाटतो. एक तर गहाण फक्त सिनेमाचे हक्क होते, कॉमिक्स आणि खेळण्यांचा धंदा सुरक्षित होता. दुसरं म्हणजे स्पायडर-मॅन आणि एक्स-मेन आधीच बाहेर गेलेले. म्हणजे घरातले खरे दागिने कधीच विकून झाले होते, बँकेकडे ठेवली ती माळ्यावरची भांडी. त्या भांड्यांना सोन्याचा भाव येईल हे ठेवणाऱ्याला माहीत होतं का? थोडंफार असावं. घेणाऱ्याला तर नक्कीच नव्हतं.

त्या यादीत आयर्न मॅन नाही हे लक्षात आलं का? त्याचेही हक्क बाहेर फिरत होते, आधी युनिव्हर्सल, मग फॉक्स, मग न्यू लाइन. सिनेमा काही झाला नाही म्हणून ते परत आले, आणि मार्व्हलने पहिला डाव त्याच्यावरच लावला. फ्रिट्झ यांच्या पुस्तकानुसार या निवडीमागे लहान मुलं होती. मुलांना वेगवेगळ्या हिरोंची चित्रं दाखवून विचारलं, यातलं कुठलं खेळणं तुम्हाला आवडेल? पोरांनी उडणारा, हातातून किरण सोडणारा लोखंडी माणूस निवडला.

२००८चा ‘आयर्न मॅन’ १४ कोटी डॉलरमध्ये बनला आणि साडेअठ्ठावन्न कोटी कमावून गेला. ३१ ऑगस्ट २००९ला डिस्नेने सुमारे ४०० कोटी डॉलरला अख्खी मार्व्हल विकत घेण्याची घोषणा केली. वीस वर्षांपूर्वीचे सव्वाआठ कोटी आठवा. पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल. २०१२मध्ये ‘अव्हेंजर्स’, २०१९मध्ये ‘एंडगेम’ची २७९ कोटी डॉलरची कमाई, त्यात भारतातल्या पहिल्याच दिवसाची ५० कोटींहून जास्त रुपयांची. पहाटेच्या शोची तिकिटं मिळेनात तेव्हा काय झालं होतं, आठवतंय ना? त्याच वर्षी डिस्नेने फॉक्सचा मनोरंजनाचा धंदा ७,१०० कोटी डॉलरला घेतला आणि म्युटंट मंडळी घरी परतली. २०२४च्या ‘डेडपूल अँड वूल्व्हरीन’मधले फॉक्सवरचे सगळे विनोद या एका खरेदीवर उभे आहेत.

चेकच्या मागचा मजकूर

या हिशेबात ज्यांनी ही पात्रं कागदावर काढली ते कुठे आहेत? कॅप्टन अमेरिका, थॉर, हल्क, एक्स-मेन, ब्लॅक पँथर यांचे सहनिर्माते जॅक कर्बी पानामागे ठरलेल्या दराने काम करायचे. मार्व्हलच्या चेकच्या मागे एक मजकूर छापलेला असायचा. चेक वटवायचा तर त्याखाली सही करायची, आणि सही केली की चित्रांचे हक्क कंपनीचे. घरभाडं द्यायचं असताना कोण थांबून वकिलाला विचारेल? कर्बी १९९४मध्ये गेले. त्यांच्या मुलांनी खटला लढवला आणि २०१४मध्ये, अमेरिकेचं सुप्रीम कोर्ट तो ऐकायचा की नाही हे ठरवणार त्याच्या तोंडावर, मार्व्हलने तडजोड केली. रक्कम जाहीर झाली नाही. स्टॅन ली यांनाही नफ्यातल्या हिश्श्यासाठी स्वतःच्याच कंपनीवर दावा ठोकावा लागला होता. २००५मध्ये त्यांना १ कोटी डॉलर मिळाले. आणि थॅनॉसचे जनक जिम स्टारलिन यांनी २०१७मध्ये सांगून टाकलं की, थॅनॉस, गमोरा आणि ड्रॅक्स या तिघांचे मिळून मिळाले नाहीत त्याहून जास्त पैसे त्यांना डीसीने ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’मधल्या एका किरकोळ पात्रासाठी दिले. त्यानंतर त्यांचा करार सुधारला म्हणे.

आपला या सगळ्याशी काय संबंध, असं वाटत असेल तर ‘स्पायडर-मॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ आठवा. २०२३मध्ये तो भारतात दहा भाषांत आला आणि त्यात मराठी होती. त्यातला पवित्र प्रभाकर २००४च्या भारतीय कॉमिकमधला, मुंबईत घडणाऱ्या गोष्टीतला. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांनी तो मार्व्हलच्या परवानगीने घडवला. धोतर आपलं, मुंबई आपली, पात्राचे हक्क मार्व्हलचे आणि सिनेमा सोनीचा.

आणि आपला कायदा? मीडिया लॉच्या पेपरला कॉपीराइट ॲक्टवर दहा मार्कांचा प्रश्न हमखास असतो, म्हणून निदान आमच्या वर्गाला तो पाठ असतो. बाकीच्यांसाठी : नोकरीत असताना केलेल्या कामाचा पहिला मालक सहसा नोकरी देणारा असतो, वेगळं ठरलं नसेल तर. पण तुमचे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखीच द्यावे लागतात. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. २०१२च्या दुरुस्तीनंतर तर सिनेमाच्या लेखक, गीतकार, संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा सहजासहजी लिहून घेता येत नाही. जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत भांडले होते. आता फ्रीलान्स लोगो, वेबसीरिजचा एपिसोड, यूट्यूब चॅनलचं मॅस्कॉट अशी कामं तुमच्यापैकी बरेच जण करतात. कधी त्याचा कागद नीट वाचून बघा. ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभरात’ हे दोन शब्द बहुतेकदा शेवटच्या पानावर, बारीक टायपात असतात.

सीगल आणि शुस्टर यांनी १३० डॉलरला विकलेला सुपरमॅन अमेरिकेत १ जानेवारी २०३४ला कॉपीराइटमधून मोकळा होईल, बॅटमॅन त्याच्या पुढच्या वर्षी. मग कुणीही सुपरमॅनचा सिनेमा काढू शकेल, पण फक्त १९३८च्या सुपरमॅनचा. त्याला तेव्हा उडता येत नव्हतं, तो इमारतींवरून लांब उड्या मारायचा. क्रिप्टोनाइटही अजून आलेलं नव्हतं. आणि छातीवरच्या त्या ‘एस’चा ट्रेडमार्क कंपनीकडेच राहणार आहे.